बंद पडद्यातले बाबा

"आता हा बंद करा."

सेल्समनला वाटलं, बाईंना दुसरंच काहीतरी म्हणायचं असेल. दुकानात येणारी माणसं लॅपटॉप सुरू करायला सांगतात. त्यावर फुलांचे, समुद्राचे फोटो बघतात, आवाज वाढवून बघतात, चार बटणं दाबून 'हं' म्हणतात. ह्या बाई मात्र अर्ध्या तासापासून एकेका लॅपटॉपसमोर बसत होत्या आणि तो बंद करायला लावत होत्या.

"बंद म्हणजे... पूर्ण बंद?"

"पूर्ण. पडदा काळा दिसू दे."

त्याने बंद केला. ह्या बाई म्हणजे ताई; ती खुर्चीत सरळ बसली. लॅपटॉपचा पडदा तिने बोटाने जरासा मागे कलवला, पुन्हा जरासा पुढे आणला आणि त्या काळ्या काचेत डोळे रोवून बसली. दाराशी उभा असलेला सिक्युरिटीवाला दोन पावलं आत सरकला.

"एक काम कराल का?" काचेवरची नजर न काढता ती म्हणाली. "ते स्टूल घेऊन मागच्या भिंतीपाशी बसा. थांबा, मीच पावलं मोजून देते."

तिने सात पावलं मोजली. सेल्समन स्टूल घेऊन तिथे बसला. गळ्यातलं ओळखपत्र त्याने सरळ केलं, कारण आजूबाजूची गिऱ्हाइकं आता बघायला लागली होती.

"थोडे खाली वाका. पलंग एवढा उंच नसतो."

"कसला पलंग, मॅडम?"

ताईने जीभ चावली. "काही नाही. हात वर करा."

"उजवा की डावा?"

"कुठलाही करा हो! हं, दिसला. आता उठा. पण सावकाश. कुणाला कळू नये असं उठायचंय, असं समजा."

सेल्समन आयुष्यात पहिल्यांदा कुणाला कळू नये असा उठला आणि त्यामुळे अख्ख्या दुकानाला कळलं. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता.

"मॅडम, राग मानू नका. घरात कुणावर लक्ष ठेवायचं असेल तर कॅमेरे वरच्या मजल्यावर आहेत. लॅपटॉपला उगाच कशाला त्रास?"

"मला लॅपटॉपच हवाय. मी टायपिंग करते."

"टायपिंगला मॅट घ्या मग. डोळ्यांना बरा. त्यात उजेड चमकत नाही, काही दिसत नाही."

"म्हणूनच नको," ताई म्हणाली. सेल्समनने सिक्युरिटीवाल्याकडे बघून भुवई उडवली, ती भुवईही तिला काचेत स्वच्छ दिसली. हा लॅपटॉप चांगला होता.

ताई टायपिंग करते हे मात्र खरं होतं. गेली एकोणीस वर्षं ती तेच करत होती. डॉक्टर लोक आपल्या पेशंटविषयी रेकॉर्ड करून पाठवत आणि ती ते ऐकून टाइप करी. कानात हेडफोन आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलायला लागत, पाय उचलला की गप्प होत. 'माझ्या टाचेखाली मोठमोठे डॉक्टर आहेत,' असं ती गमतीने म्हणायची. कितीतरी माणसांची यकृतं आणि फुप्फुसं तिला तोंडपाठ होती, चेहरा एकाचाही माहीत नव्हता. त्रेचाळीसची झाली होती. लग्नाचं जमता जमता राहिलं आणि मग राहूनच गेलं. घरात ती आणि बाबा. तिला सगळे ताईच म्हणत, बाबासुद्धा.

बाबा बसड्रायव्हर होते. एकतीस वर्षं त्यांनी बस चालवली. लहानपणी सुट्टीत ते तिला बसमध्ये बसवून न्यायचे. ती तिसऱ्या रांगेत बसायची. मधेच ड्रायव्हरच्या डोक्यावरच्या आरशात बाबांच्या दोन्ही भुवया वर जायच्या. ती इकडून जीभ काढून दाखवायची. बाबांचं तोंड पुढे, रस्त्याकडे, गंभीर. कंडक्टरलासुद्धा कधी कळलं नाही.

दीड वर्षापूर्वी बाबा पडले, तेव्हा ताई त्यांच्यापासून सात पावलांवर बसली होती आणि तिला काहीही कळलं नव्हतं. कानात हेडफोन, पाठ त्यांच्याकडे. रिपोर्ट अकरा मिनिटांचा होता. तो संपवून ती पाणी प्यायला वळली तर बाबा पलंग आणि खिडकीच्या मधे, एका कुशीवर, भिंतीकडे बघत पडलेले.

"हाक नाही मारलीत?"

"तू कामात होतीस," बाबा म्हणाले.

खुबा मोडला होता. ऑपरेशन झालं, सळई बसली, बाबा पुन्हा उभे राहिले. पण ती अकरा मिनिटं ताईच्या मनातून गेली नाहीत. आधी तिने टेबल फिरवून पलंगाकडे तोंड केलं. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. "मी काय परीक्षेला बसलोय? समोर पर्यवेक्षक कशाला?" मग तिने कॅमेऱ्याची गोष्ट काढली. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. एकतीस वर्षं एकही अपघात न करणाऱ्या माणसावर पाळत? शेवटी तिने टेबल पुन्हा भिंतीला लावलं, पाठ करून बसली. बाबा खूश झाले आणि पेपर वाचायला लागले.

त्याच दुपारी तिला ते सापडलं. एक फाइल बंद करून दुसरी उघडायच्या मधे पडदा क्षणभर काळा झाला आणि त्या काळ्या काचेत बाबा होते. खिडकीचा उजेड थेट पलंगावर पडत होता, त्यामुळे अगदी चष्म्यापर्यंत स्वच्छ. त्या दिवसापासून तिने टायपिंगचं पान काळं करून घेतलं, वर पांढरी अक्षरं. कुणी विचारलं तर म्हणायची, डोळ्यांना बरं वाटतं. पांढऱ्या अक्षरांच्या मागे दिवसभर बाबा कूस बदलायचे, पेपर उलटायचे, पाय खाली सोडायचे. पाय खाली आले की तिचा पाय पेडलवरून आपोआप उठायचा. डॉक्टर गप्प. ती श्वास रोखून बघायची. बाबा खिडकीपर्यंत जाऊन परत आले की डॉक्टर पुन्हा सुरू.

बाबांना वाटे, कुणी बघत नाही. ताईला वाटे, बाबांना कळत नाही. घर छान चाललं होतं.

मग गेल्या तीन महिन्यांत काहीतरी बिघडलं. काय, ते तिला बोट ठेवून दाखवता आलं नसतं. बाबांच्या डोळ्यांतला मोतीबिंदू काढला, लांबचं लख्ख दिसायला लागलं, म्हणून ती निर्धास्त झाली होती. आणि नेमके त्यानंतरच बाबा उठेनासे झाले. सकाळी एकदा, दुपारी एकदा, तेही तिचा आधार घेऊन. बाकी वेळ नुसते पडून. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या बाई म्हणाल्या, "ह्यांनी चालायला हवं हो. पाय असेच राहिले तर कायमचे बसतील."

पण बाबा खरंच उठत नव्हते का?

एकदा ती खाली औषधं आणायला गेली आणि परत आली, तर बाबांच्या चपला फिरल्या होत्या. जाताना त्यांची तोंडं पलंगाकडे होती, आता दाराकडे. बाबा मात्र जसेच्या तसे, पेपर छातीवर. दुसऱ्या दिवशी तिने जाताना चपला मुद्दाम एकमेकींना चिकटवून ठेवल्या. आली तर मधे चार बोटांचं अंतर. तिसऱ्या दिवशी स्टुलावरचा पेपर खिडकीत. कोण येतं आपल्यामागे घरात? का बाबाच...? मग आपल्यासमोर का नाही उठत? आपल्यापासून काय लपवायचंय?

"बाबा, कुणी आलं होतं का?"

"कोण येणार?"

"पेपर खिडकीत कसा गेला?"

"वाऱ्याने," बाबा म्हणाले. खिडकी बंद होती.

आणि त्यात धाकटा. तिचा धाकटा भाऊ फ्रिज दुरुस्त करायचा, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायचा आणि रविवारी दोन तास येऊन जायचा. अलीकडे तो यायचा, ताईला म्हणायचा, "तू कर तुझं काम," आणि पलंगावर बाबांच्या अगदी कानाशी बसायचा. ताईच्या कानात हेडफोन असे, पण पाय पेडलवर नसे. तरी नुसती कुजबुज यायची. एका रविवारी तिने काचेत बघितलं : धाकट्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला, बाबांनी तो चष्म्याजवळ धरला, पेन मागितलं, काहीतरी लिहिलं. मग कागद उशीखाली गेला. बाबा धाकट्याच्या आधाराने न्हाणीघरात गेले तेव्हा ताईने उशी उचलून बघितली. काही नव्हतं. म्हणजे ते कागद बरोबर घेऊन गेले होते! न्हाणीघरात!

कुठल्या कागदावर सही घेतो हा बाबांची? मागे एकदा तो म्हणाला होता, "ताई, आजकाल म्हाताऱ्या माणसांसाठी चांगल्या जागा असतात गं. माणसं ठेवलेली असतात चोवीस तास. तुलाही जरा मोकळं होता येईल." तेव्हा तिने त्याला असं काही सुनावलं होतं की तो चहा अर्धा टाकून गेला होता. आता तो तिला न विचारता परस्पर ठरवणार होता तर.

तशातच लॅपटॉप गेला. म्हणजे पूर्ण गेला नाही, पडद्यावर वरपासून खालपर्यंत एक हिरवी रेघ आली. ती बाबांच्या बरोबर गुडघ्यांवरून जायची. दुरुस्तीवाला म्हणाला, हा पडदा आता मिळत नाही, नवीन घ्या. हे तिने धाकट्याला सांगितलंही नव्हतं, आणि दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन.

"ताई, तुला नवीन लॅपटॉप घेऊ या. मी येतो बरोबर. मॅट पडद्याचा घेऊ."

पहिल्याच दमात मॅट. ज्याला तिचा वाढदिवस सांगावा लागतो, त्याला तिच्या पडद्याचं पडलेलं! लॅपटॉप बिघडल्याचं ह्याला कुणी सांगितलं? बाबांनीच. आणि मॅटच का? मॅटमध्ये मागचं काही दिसत नाही. म्हणजे ह्याला आपला आरसा कळलाय. रात्री अंथरुणावर तिने पुन्हा पुन्हा हिशेब जुळवला आणि प्रत्येक वेळी तो जुळला : मागे काय चाललंय ते आपल्याला दिसू नये, अशी कुणाची तरी इच्छा आहे.

म्हणून ती आज दुकानात धाकट्याच्या आधी पोचली होती.

धाकटा गाडी लावून आत आला, किल्ली बोटात फिरवत. बहीण एका काळ्या पडद्यासमोर बसलेली आणि सेल्समन पुन्हा भिंतीपाशी स्टुलावर, एक हात वर.

"ह्यांना कसली शिक्षा केलीस?"

"मॅडमनी सांगितलंय," सेल्समन म्हणाला. हात अजून वरच होता.

"हा घेतेय मी," ताई म्हणाली. "ठरलं माझं."

धाकट्याने पडद्यावरून बोट फिरवलं. "हा चकचकीत आहे. मॅट घ्यायचा ठरला होता ना?"

"कुणाचं ठरलं होतं?"

"अगं, डोळ्यांना..."

"माझ्या डोळ्यांची काळजी तुला कधीपासून? माझ्या चष्म्याचा नंबर सांग बरं किती आहे."

"ताई, लोक बघतायत."

"बघू देत! मलाही बघायचंय. मला मागचं दिसू नये असं तुला का वाटतं, ते सांग. कुजबुज काय चालते तुमची? कसल्या कागदावर सही घेतलीस बाबांची? कुठे नेऊन ठेवणारेस त्यांना?"

सेल्समनने हात हळूच खाली घेतला. धाकट्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मग तो रागाने लाल झाला, आणि मग राग कुठेतरी निघून गेला. तो नुसताच उभा राहिला, फ्रिज उघडून आत काय बिघडलंय ते न कळल्यासारखा.

"मी? नेऊन ठेवणार?" तो म्हणाला. "तू मला असा समजतेस?"

ताईने काचेतूनच त्याच्याकडे बघितलं.

"बाबांनी सांगू नको म्हटलं होतं. पण तू आता..." त्याने पाकिटातून घडी घातलेला कागद काढला आणि तिच्यासमोर आपटला. "घे. ही सही."

तो ह्याच दुकानाचा कागद होता, लॅपटॉपांच्या चित्रांचा. तीन चित्रांभोवती बॉलपेनने गोल केले होते. थरथरते गोल, सुरुवात आणि शेवट न जुळलेले. खाली बाबांचं अक्षर. बसच्या नोंदवहीत ते जसे तास आणि फेऱ्या लिहायचे, तसं सरळ ओळीत : 'ह्यांतला कोणताही. ताईला सांगू नये.'

तिन्ही मॅट होते.

"बाबांना मॅट म्हणजे काय ते कुठून माहीत?"

"माहीत नव्हतं. मला म्हणाले, ज्यात माणूस दिसत नाही असा पडदा मिळतो का? मी म्हटलं, मिळतो, त्याला मॅट म्हणतात. म्हणाले, मग तिला तसा घेऊन दे. मी विचारलं का, तर म्हणाले, तू फ्रिज बघ."

ताईने कागदाची घडी घातली. पुन्हा उघडली. पुन्हा घातली. मग पर्स उचलली आणि काही न घेता दुकानाबाहेर पडली. सिक्युरिटीवाल्याने तिच्या पर्सकडे एकदा नीट बघून घेतलं.

ती घरी आली तेव्हा सहा वाजत आले होते. दार उघडताना तिने मुद्दाम किल्ली वाजवली नाही. आत काहीतरी घाईघाईने सरकल्याचा आवाज आला. ती खोलीत पोचली तेव्हा बाबा पलंगावर होते, पेपर छातीवर. श्वास मात्र जोरात चालला होता. चपला एक इकडे, एक तिकडे.

ती टेबलाशी जाऊन बसली. पाठ करून. लॅपटॉप बंदच होता. तिने टेबललॅम्प लावला, सवयीने.

"घेतलास?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"का?"

तिने कागद काढून टेबलावर ठेवला. वळली नाही. "बाबा, मी नसताना तुम्ही चालता ना?"

मागे पेपर सळसळला.

"मी असताना का नाही उठत मग? त्या व्यायामाच्या बाई काय म्हणाल्या, ऐकलंत ना? पाय बसतील. मला भीती वाटते बाबा, आणि तुम्ही माझ्याशी लपंडाव खेळताय. मी काय शत्रू आहे?"

"समोर बघ," बाबा म्हणाले.

"समोर भिंत आहे."

"भिंत नाही. आरशात बघ."

 ताईने नजर उचलली. बंद पडद्याच्या काळ्या काचेत खिडकीतला संध्याकाळचा उजेड होता, पलंग होता, आणि पलंगावर बाबा तिच्याकडेच बघत होते. सरळ तिच्या डोळ्यांत. मग त्यांच्या दोन्ही भुवया वर गेल्या.

"एकतीस वर्षं आरशात बघून गाडी चालवली मी," बाबा म्हणाले. "मला ज्यात मागचा दिसतो, त्यात मागच्याला मी दिसतो. हे माझ्याच पोरीला माहीत नसावं?"

ताईच्या चेहऱ्यावर लॅम्पचा उजेड पडला होता. काचेत तो चेहरा तिला आता दिसला, बाबांच्या चेहऱ्याच्या बाजूला, मोठा. इतके महिने तिने त्याच्यापलीकडेच बघितलं होतं.

"कधीपासून?"

"डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून. त्याआधी तिथे नुसता उजेड दिसायचा. पट्टी काढली, घरी आलो, आणि तू दिसलीस." बाबांनी पेपर बाजूला ठेवला. "पहिल्या दिवशी गंमत वाटली. म्हटलं, पोरगी तिसऱ्या रांगेत बसलीय. मग बघत राहिलो. मी कूस बदलली की तुझे हात थांबायचे. मी पाय खाली सोडले की तोंड असं व्हायचं तुझं... मी आता मेलोच असं. मी खिडकीपर्यंत जाऊन परत यायचो, तेवढ्यात तू दहा वर्षांनी म्हातारी व्हायचीस. मला बघवेना."

"म्हणून उठायचं बंद केलंत?"

"मी हललो नाही की तुझे हात चालतात. ते बरं वाटायचं ऐकायला."

खालच्या रस्त्यावर कुणीतरी हॉर्न वाजवला. ताईने डोळे पुसले नाहीत. पुसले असते तर ते दिसलं असतं. मग तिच्या लक्षात आलं की न पुसलेलेही दिसतातच. तिने पुसले.

"आणि परत पडलात तर? मी पाठ करून बसलेली, कानात डॉक्टर. पुन्हा अकरा मिनिटं?"

"हाक मारीन."

"मागच्या वेळी नाही मारलीत."

"ह्या वेळी मारीन."

"मी कामात असले तर?"

बाबांनी चष्मा काढून पुन्हा घातला. "तरी मारीन," ते म्हणाले. त्यांना ते कबूल करणं किती जड गेलं, ते तिला काचेत दिसलं. "एक कान मोकळा ठेव तू. एका कानात डॉक्टर, एका कानात बाप. पण डोळे नकोत, ताई. दिवसभर डोळे नकोत पाठीवर. समोरून तर नकोतच."

तिने हात पुढे करून लॅपटॉपचं झाकण मिटलं. काचेतली दोघंही गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा खोकं घेऊन आला. ताईने त्याच्यासमोर चहा ठेवला, बिस्किटं ठेवली, मग आणखी दोन बिस्किटं ठेवली. माफी मागायची त्यांच्या घरात पद्धत नव्हती. धाकटा सगळी बिस्किटं खाऊन म्हणाला, "माझ्याविषयी अजून काही शंका असल्या तर आत्ताच सांग, गाडी डबल पार्किंगमध्ये आहे."

"चष्म्याचा नंबर सांगितला नाहीस अजून."

"तो सेल्समन तुझी आठवण काढत होता," धाकटा म्हणाला. "त्याचा खांदा दुखतोय म्हणे." बाबा पलंगावरून खो खो हसले. कितीतरी दिवसांनी.

धाकट्याने पडद्यावरचं पातळ प्लॅस्टिक सोललं, जुन्यातल्या फायली नव्यात घेतल्या, आणि घाईघाईने गेला. ताई टेबलाशी बसली. नवा पडदा बंद असतानाही काळा नव्हता, राखाडी होता. पाटी फडक्याने पुसल्यावर दिसते तसा. खिडकी होती तिथे एक फिकट डाग. बाकी काही नाही.

"दिसतोय का मी?" मागून आवाज आला.

"नाही."

"नक्की?"

"नक्की, बाबा. नुसता उजेड दिसतोय."

तिने टायपिंगचं पान पुन्हा पांढरं करून घेतलं. आता काळ्याचं काही काम नव्हतं. उजव्या कानात हेडफोन घातला, डावा गळ्याशी सोडला. पेडल दाबलं. डॉक्टर बोलायला लागले : पेशंटचं वय अडुसष्ट, चार दिवसांपासून खोकला. तिची बोटं चालायला लागली. डाव्या कानात घड्याळ, खालची रहदारी, शेजारच्या घरात कुणीतरी धूत असलेली भांडी. एवढे आवाज ह्या खोलीत असतात हे तिला एकोणीस वर्षांत कळलं नव्हतं.

मग पलंग करकरला.

तिचा पाय पेडलवरून उठला. डॉक्टर गप्प झाले. बोटं जागच्या जागी थांबली. तिने समोर बघितलं, राखाडी पडद्यात, फिकट डागात. तिथे कुणीही नव्हतं.  आता वळावं, फक्त एकदा.

मागे चपला पायांनी चाचपल्याचा आवाज आला. मग तोही थांबला. बाबाही थांबले होते. दोघं तशीच, सात पावलांवर, एकमेकांची वाट बघत.

"टायपिंग का थांबलं?" बाबांनी विचारलं. रागाने नाही.

ताईने बोटं बटणांवर टेकवली आणि दाबली. डॉक्टर बोलत नव्हते, लिहायला काही नव्हतं, म्हणून मिळेल ती अक्षरं दाबत गेली. खटखट, खटखट, एका लयीत, थांबायचं नाही. मागे एक पाऊल पडलं. चप्पल फरशीवर घासली. दुसरं. काठी नव्हती, भिंतीवरून हात सरकत होता, पोपडा निघालेल्या जागी तो खरखरला. तिसरं. चौथ्याला बराच वेळ लागला. तिची अक्षरं ओळ संपवून दुसऱ्या ओळीत गेली, तिसऱ्या ओळीत गेली. पाचवं.

मग खिडकीची कडी निघाली, आणि बाहेरचा वारा तिच्या मानेपर्यंत आला.

पडद्यावर चार ओळी भरल्या होत्या. त्यांत एकही शब्द नव्हता. तिने त्या पुसल्या नाहीत. पाचवी सुरू केली, कारण बाबांना अजून परत यायचं होतं.